सरकारी आरोग्य केंद्रात गरोदरपणाची तपासणी: नोंदणीपासून प्रसूतीच्या ठिकाणापर्यंत

महाराष्ट्रातील उपकेंद्रे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे यांमध्ये गरोदर स्त्रीची नोंदणी, तपासणी, औषधे आणि गरज पडल्यास मोठ्या रुग्णालयात पाठवण्याची सोय मोफत आहे. तरीही असंख्य घरांत ही सोय अर्धवट वापरली जाते. नोंदणी पाचव्या महिन्यात होते, रक्त दिले जाते पण अहवाल कोणी विचारत नाही, गोळ्यांची पाकिटे फळीवर साठतात, सातव्या महिन्यात मुलगी माहेरी जाते आणि तिचे कार्ड सासरच्या कपाटात राहते. शेवटी कळा सुरू झाल्यावर ज्या डॉक्टरांसमोर ती पोहोचते, त्यांना तिचा रक्तगटही ठाऊक नसतो.

गरोदरपणातील प्रत्येक तपासणीला तिचे स्वतःचे काम असते आणि ते ठरावीक आठवड्यांतच नीट होते. चुकलेली भेट पुढच्या भेटीत भरून निघेल, हा समज सर्वांत जास्त नुकसान करतो. म्हणून पुढील पायऱ्या क्रमाने वाचाव्यात, आणि गरोदरपण मध्यावर आले असेल तरी पहिल्या पायरीपासून काय राहून गेले आहे ते तपासून पाहावे.

तयारी: कोणाकडे जायचे, हे आधी माहीत करून घ्या

ग्रामीण भागात पहिला संपर्क आशाताईंचा असतो. त्या गावातल्याच असतात, पण तपासणी करणे हे त्यांचे काम नाही. तपासणी उपकेंद्रातील आरोग्यसेविका, म्हणजे एएनएम सिस्टर, करतात. साधारण पाच हजार लोकवस्तीला, आणि आदिवासी किंवा डोंगराळ भागात तीन हजार लोकवस्तीला, एक उपकेंद्र असते. त्याच्या वर प्राथमिक आरोग्य केंद्र असते, जिथे वैद्यकीय अधिकारी, म्हणजे डॉक्टर, असतात. त्यापुढे ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय. शहरात हेच काम महापालिकेचे आरोग्य केंद्र, दवाखाना आणि प्रसूतिगृह करतात.

महिन्यातून एकदा अंगणवाडीत ग्राम आरोग्य व पोषण दिन भरतो आणि त्या दिवशी सिस्टर गावात येतात. हा दिवस सोयीचा असला तरी तिथे सगळ्या तपासण्या होत नाहीत. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि इंजेक्शन एवढे तिथे होते, डॉक्टरांची तपासणी आणि बाकीच्या रक्तचाचण्या होत नाहीत. त्यामुळे केवळ अंगणवाडीतल्या भेटींवर गरोदरपण काढू नये.

आशाताई, सिस्टर आणि प्राथमिक आरोग्य केंद्र या तिघांचे फोन क्रमांक घरातल्या किमान दोन माणसांच्या मोबाइलमध्ये असावेत. आपल्या केंद्रात गरोदर स्त्रियांच्या तपासणीचा ठरलेला वार कोणता आणि रक्ताचे नमुने किती वाजेपर्यंत घेतात, हे आधीच विचारून ठेवावे. अनेक ठिकाणी नमुने सकाळीच गोळा होऊन बाहेरच्या प्रयोगशाळेत जातात. दुपारी बाराला पोहोचलेली स्त्री तपासणी करून परतते, पण तिचे रक्त घेतले जात नाही, आणि ही गोष्ट घरी कोणाच्या लक्षातही येत नाही.

पायरी १: शेवटच्या पाळीची तारीख पक्की करणे

पाळी चुकून आठवडा झाला की आशाताईंकडून किंवा उपकेंद्रातून निश्चय किट घ्यावे. हे लघवीच्या चाचणीचे किट मोफत मिळते. सकाळच्या पहिल्या लघवीवर चाचणी केल्यास निकाल अधिक खात्रीचा येतो.

त्याच दिवशी शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसाची तारीख लिहून ठेवावी. पुढची सगळी गणिते या एका तारखेवर चालतात: प्रसूतीचा अंदाज, सोनोग्राफीची वेळ, साखरेची चाचणी, दिवस उलटून गेले की नाहीत याचा निर्णय. तारीख आठवत नसेल तर अंदाजे सांगून मोकळे होऊ नये. कॅलेंडर समोर घ्यावे आणि वटपौर्णिमेच्या आधी की नंतर, कोणाच्या लग्नाच्या वेळी अडचण होती, अशा खुणांवरून तारीख काढावी. तरीही सापडली नाही तर तसे सिस्टरना स्पष्ट सांगावे. मग सुरुवातीच्या महिन्यांतल्या सोनोग्राफीवरून आठवडे ठरवता येतात, आणि ती जितकी लवकर होईल तितका अंदाज अचूक येतो.

हिशेब असा करतात: शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात ७ दिवस आणि ९ महिने मिळवायचे. समजा ती तारीख १० जून आहे, तर प्रसूतीची अंदाजे तारीख १७ मार्च येते. या स्त्रीचे १२ आठवडे २ सप्टेंबरला, २४ आठवडे २५ नोव्हेंबरला आणि ३६ आठवडे १७ फेब्रुवारीला पूर्ण होतात. अशा तारखा कॅलेंडरवर गोल करून ठेवाव्यात.

नेहमीची चूक: महिन्यांत मोजणे. घरात 'पाचवा लागला' असे म्हणतात तेव्हा चार पूर्ण झालेले असतात, आणि ऐकणारी व्यक्ती कधी पाच पूर्ण धरते, कधी चार. आरोग्य केंद्रात नेहमी तारीख सांगावी, महिना सांगू नये.

पायरी २: १२ आठवड्यांच्या आत नोंदणी

चाचणी होकारार्थी आली की तीन महिने 'नीट जाऊ देत, मग सांगू' असे म्हणून थांबण्याची पद्धत अनेक घरांत आहे. गर्भ टिकेल की नाही ही भीती खरी असते आणि तिचा आदर राखायला हवा. मात्र सिस्टरकडे नोंद करणे म्हणजे गावाला सांगणे नव्हे. नातेवाइकांना केव्हा सांगायचे ते घराने ठरवावे, नोंदणी मात्र १२ आठवडे पूर्ण होण्यापूर्वीच करावी. फॉलिक ॲसिडची गरज पहिल्या आठवड्यांतच असते, आणि मूळचा रक्तदाब किती होता हे लवकर नोंदवले नसेल तर पुढे वाढलेला रक्तदाब नवा की जुना हे डॉक्टरांना ठरवता येत नाही.

सोबत आधार कार्ड, स्वतःच्या नावाचे बँक पासबुक, मोबाइल आणि आधीच्या बाळंतपणाचे किंवा आजारपणाचे कागद असतील ते न्यावेत. यातले काही नसले तरी जावे. तपासणी, इंजेक्शन किंवा गोळ्या यांसाठी आधार कार्ड, रेशन कार्ड किंवा लग्नाचा दाखला ही पूर्वअट नाही. कागद आर्थिक योजनांसाठी लागतात आणि ते मागाहून देता येतात. 'कागद घेऊन या, मग बघू' असे कोणी म्हटल्यास वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटावे.

नोंदणीनंतर माता-बाल संरक्षण कार्ड मिळते, ज्याला सगळीकडे एमसीपी कार्ड म्हणतात. संगणकावर नोंद झाली की आरसीएच क्रमांकही, म्हणजे सरकारी माता-बाल नोंदीतला तिचा स्वतःचा क्रमांक, मिळतो. तो कार्डावर लिहून घ्यावा आणि कार्डाच्या पहिल्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा.

पडताळणी: घरी निघण्यापूर्वी कार्डावर शेवटच्या पाळीची तारीख, प्रसूतीची अंदाजे तारीख, आरसीएच क्रमांक आणि पुढच्या भेटीचा दिवस या चार गोष्टी लिहिल्या आहेत का, ते पाहावे.

पायरी ३: पहिली पूर्ण तपासणी, आणि तिचे अहवाल

नोंदणी आणि तपासणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कार्ड हातात आले म्हणजे तपासणी झाली, असे धरू नये. पहिल्या भेटीत वजन, उंची, रक्तदाब आणि डॉक्टरांची तपासणी व्हायला हवी. त्याचबरोबर हिमोग्लोबिन, रक्तगट व आरएच (म्हणजे गट पॉझिटिव्ह की निगेटिव्ह), लघवीतील प्रथिने व साखर, रक्तातील साखर, एचआयव्ही, सिफिलिस आणि हिपॅटायटिस बी या चाचण्या व्हायला हव्यात. विदर्भात, नंदुरबार-धुळ्याच्या आदिवासी पट्ट्यात आणि पालघरमध्ये सिकलसेलची, म्हणजे रक्तातील एका आनुवंशिक दोषाची, चाचणीही आठवणीने करून घ्यावी. तिच्यात दोष आढळला तर पतीची तपासणी लगेच होणे आवश्यक आहे, कारण दोघांमध्येही दोष असला तरच बाळाला सिकलसेलचा आजार होण्याचा धोका राहतो.

आधीच्या बाळंतपणाची माहिती देताना काही लपवू नये. गर्भपात, मृत जन्म, सिझेरियन, झटके आलेले असणे, प्रसूतीनंतर जास्त रक्तस्राव, थायरॉइड, हृदयाचा आजार, फीट येणे, चालू असलेली कोणतीही गोळी, हे सगळे सांगावे. सासूबाई किंवा पती शेजारी उभे असल्यामुळे स्त्री कित्येकदा गप्प राहते. अशा वेळी 'मला सिस्टरशी एकटीने बोलायचे आहे' असे म्हणण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे, आणि सोबत आलेल्यांनी तो न मागता द्यावा.

एचआयव्हीच्या चाचणीला घाबरून नकार देणाऱ्या स्त्रिया आजही आहेत. अहवाल गोपनीय ठेवला जातो, आणि दोष आढळला तर वेळेत सुरू केलेल्या औषधांमुळे बाळाला होणारा संसर्ग बहुतांश वेळा टाळता येतो. चाचणी टाळल्याने मात्र ही संधी जाते.

सर्वांत जास्त गोष्टी याच पायरीवर सुटतात, आणि त्या रक्त दिल्यानंतर सुटतात. नमुना गेला, अहवाल दोन-तीन दिवसांनी केंद्रात आला, आणि पुढची भेट महिन्याने. तोपर्यंत सात ग्रॅम हिमोग्लोबिन असलेली स्त्री शेतात निंदणी करत असते. म्हणून रक्त देतानाच 'अहवाल केव्हा येईल आणि कोण सांगेल' हे विचारावे आणि चौथ्या दिवशी स्वतः फोन करावा. 'सगळे नॉर्मल आहे' या उत्तरावर न थांबता हिमोग्लोबिनचा आकडा, रक्तगट आणि साखरेचा आकडा कार्डावर लिहून घ्यावा.

खबरदारी: रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर पतीचा रक्तगट लगेच तपासावा आणि अँटी-डी इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारावे. बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाल्यास हे इंजेक्शन प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत द्यावे लागते, आणि ते प्रत्येक केंद्रात ठेवलेले नसते. त्याची सोय कुठे होईल हे महिनोन्महिने आधी ठरवावे.

पायरी ४: गोळ्या आणि इंजेक्शन, योग्य क्रमाने

पहिल्या तीन महिन्यांत रोज फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी असते. चौथ्या महिन्यापासून लोहाची गोळी सुरू होते, जिला सगळे रक्तवाढीची लाल गोळी म्हणतात. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. ती रोज एक याप्रमाणे किमान १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस घ्यायची असते. हिमोग्लोबिन कमी असेल तर डॉक्टर दिवसाला दोन गोळ्या देतात. कॅल्शियमच्या ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या १४ आठवड्यांनंतर रोज सुरू होतात. जंताची ४०० मिलिग्रॅमची एक गोळी पहिले तीन महिने उलटल्यावर एकदा देतात, त्याआधी ती घेऊ नये.

लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतल्यास लोह अंगी लागत नाही. दोन्हींमध्ये किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. सोपी घडी अशी बसवता येते: कॅल्शियम सकाळच्या आणि दुपारच्या जेवणासोबत, लोहाची गोळी रात्री झोपताना. लोहाच्या गोळीनंतर तासभर चहा, कॉफी किंवा दूध घेऊ नये. लिंबूपाण्यासोबत घेतली तर अधिक चांगले. शौच काळे होते, ते गोळीमुळे होते आणि त्याने अपाय नाही. मळमळ किंवा बद्धकोष्ठ फार होत असेल तर गोळी परस्पर बंद न करता सिस्टरना सांगावे. 'गोळ्यांनी बाळ मोठे होते आणि सिझर करावे लागते' हा समज निराधार आहे आणि त्याने अनेक स्त्रियांचे रक्त प्रसूतीच्या वेळी धोक्याच्या पातळीवर आणून ठेवले आहे.

हिमोग्लोबिन ११ पेक्षा कमी म्हणजे रक्तक्षय. ७ ते ९.९ मध्यम आणि ७ पेक्षा कमी तीव्र. उपचार सुरू केल्यावर महिन्याभरात आकडा साधारण एक ग्रॅमने वाढायला हवा. वाढला नाही तर तीच गोळी आणखी महिनाभर देऊन वेळ घालवू नये. शिरेतून लोह देण्याची किंवा वरच्या रुग्णालयात तपासणीची गरज आहे का, हे डॉक्टरांना थेट विचारावे. शेवटच्या तीन महिन्यांत आकडा ७ च्या खाली गेला असेल तर रुग्णालयात दाखल होण्याची तयारी ठेवावी.

धनुर्वातासाठी टीडीचे पहिले इंजेक्शन नोंदणीनंतर लगेच आणि दुसरे चार आठवड्यांनी असते. मागच्या गरोदरपणात दोन्ही डोस घेतले असतील आणि त्याला तीन वर्षे झाली नसतील, तर एकच बूस्टर पुरतो. म्हणून जुने कार्ड जपून ठेवावे.

पायरी ५: १४ ते २८ आठवडे, सोनोग्राफी आणि साखर

मळमळ थांबलेली असते, बरे वाटत असते, आणि म्हणूनच या काळातली दुसरी भेट सहज चुकते. पण दोन तारखेच्या गोष्टी याच काळात येतात.

पहिली म्हणजे १८ ते २० आठवड्यांची सोनोग्राफी, जिच्यात बाळाचे अवयव पाहतात. वरच्या उदाहरणातील स्त्रीसाठी हा काळ १४ ते २८ ऑक्टोबर असा येतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात सहसा सोनोग्राफीचे यंत्र नसते. संदर्भ चिठ्ठी घेऊन ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात जावे लागते, आणि तिथे तारखा पुढच्या मिळतात. म्हणून चिठ्ठी १४व्या-१५व्या आठवड्यातच मागावी. उशिराचे नुकसान गंभीर आहे. बाळात मोठे व्यंग आढळले तर २४ आठवड्यांपर्यंत कायद्याने दोन डॉक्टरांच्या मतावर गर्भपाताचा निर्णय घेता येतो, त्यानंतर प्रकरण वैद्यकीय मंडळाकडे जाते आणि कुटुंबाची ओढाताण फार होते.

सोनोग्राफीला ओळखपत्र आणि डॉक्टरांची चिठ्ठी न्यावी. तिथे एका अर्जावर सही घेतात, ती कायद्याने आवश्यक आहे. मुलगा की मुलगी हे विचारणे, सांगणे किंवा खुणेने सुचवणे हा १९९४च्या कायद्याखाली गुन्हा आहे. घरातून कोणी गर्भवतीवर तसा दबाव आणत असेल, तर तिने ते सिस्टर किंवा डॉक्टरांच्या कानावर घालावे.

दुसरी गोष्ट म्हणजे २४ ते २८ आठवड्यांत साखरेची पुन्हा चाचणी. पहिल्या भेटीत साखर ठीक आली तरी ही दुसरी चाचणी करावीच लागते, कारण गरोदरपणातला मधुमेह बहुधा या काळात दिसू लागतो. उपाशी येण्याची गरज नसते. ७५ ग्रॅम ग्लुकोज साधारण ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायचे आणि बरोबर दोन तासांनी रक्त द्यायचे. आकडा १४० किंवा त्याहून जास्त आला तर उपचार लागतात, आणि त्यांची सुरुवात आहारापासून होते.

नेहमीची चूक: बस चुकेल म्हणून तासाभरातच रक्त देऊन निघणे, किंवा दोन तासांच्या मधल्या वेळात चहा-बिस्किटे खाणे. दोन्हींमुळे आकडा निरुपयोगी होतो. ग्लुकोज प्यायल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर चाचणी दुसऱ्या दिवशी नव्याने करावी. त्या दिवशी घरून निघतानाच किमान तीन तासांची सवड ठेवावी, आणि शेतावर किंवा कामावर तसे आधी सांगावे.

पायरी ६: नऊ तारखेची डॉक्टरांची तपासणी

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर स्त्रियांची डॉक्टरांकडून विशेष तपासणी होते. ही सोय चौथ्या महिन्यापासून पुढच्या सर्व स्त्रियांसाठी आहे. ज्या केंद्रात एरवी स्त्रीरोगतज्ज्ञ नसतात तिथेही त्या दिवशी ते येण्याची शक्यता असते, म्हणून संपूर्ण गरोदरपणात किमान एकदा ही तारीख गाठावी. गर्दी फार असते, लवकर जावे आणि डबा सोबत न्यावा.

तपासणीनंतर कार्डावर रंगीत चिकटपट्टी लावतात. हिरवी म्हणजे सध्या धोका आढळलेला नाही, लाल म्हणजे जोखमीचे गरोदरपण. लाल पट्टी पाहून घाबरून कार्ड लपवणारी कुटुंबेही आहेत. पट्टीचा हेतू इतकाच की ज्या कोणासमोर हे कार्ड जाईल त्याने थांबून नीट पाहावे. पूर्वीचे सिझेरियन, जुळी, १४५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंची, अठराच्या आतले किंवा पस्तीसच्या पुढचे वय, वाढलेला रक्तदाब, तीव्र रक्तक्षय, मधुमेह, आरएच निगेटिव्ह, आडवे किंवा पायाळू बाळ, यांपैकी काहीही असेल तर भेटी जास्त होतात आणि प्रसूती कुठे करायची हे डॉक्टर आधी ठरवतात.

पडताळणी: प्रत्येक भेटीनंतर कार्डावर रक्तदाब दोन आकड्यांत, वजन, हिमोग्लोबिन आणि लघवीतील प्रथिने नोंदलेली असावीत. १४०/९० किंवा त्याहून जास्त रक्तदाब दिसला आणि कोणी काही बोलले नाही, तर तिथेच विचारावे. घरी जाऊन विचार करण्याची ही गोष्ट नाही.

पायरी ७: माहेरी जाताना किंवा कामासाठी गाव सोडताना

डोहाळजेवण झाले की पहिलटकरीण माहेरी जाते. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतली ऊसतोड कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. पालघर-नंदुरबारकडची कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. तिन्ही ठिकाणी घडते ते एकच: जुन्या गावाच्या यादीत ती 'स्थलांतरित' होते, नव्या गावाच्या यादीत तिचे नाव येत नाही, आणि रक्तदाब वाढण्याच्या नेमक्या महिन्यांत तिच्याकडे कोणाचेच लक्ष नसते. ही तुटलेली साखळी जोडण्याचे काम व्यवस्थेचे आहे, यात शंका नाही. पण आज ती स्त्रीच्या आणि तिच्या घरच्यांच्या हातूनच लवकर जोडली जाते, म्हणून हा भाग जरा सविस्तर.

निघण्याच्या आठवडाभर आधी आशाताईंना तारीख, जाण्याचे गाव आणि तिथला फोन क्रमांक सांगावा. निघण्यापूर्वी एक तपासणी करून घ्यावी आणि मुक्काम जितका लांबणार असेल तितक्या दिवसांच्या गोळ्या मागून घ्याव्यात. एमसीपी कार्ड, सोनोग्राफीचे अहवाल, रक्ताचे अहवाल आणि आधार कार्ड एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून अंगाबरोबर ठेवावे, ट्रॅक्टरवरच्या सामानात टाकू नये. प्रत्येक कागदाचा फोटो पतीच्या आणि आईच्या मोबाइलमध्ये असावा.

नव्या ठिकाणी पोहोचल्यावर आठवड्याच्या आत तिथल्या आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला गाठावे आणि जुना आरसीएच क्रमांक दाखवावा. 'माझी नोंद झालेली आहे, याच क्रमांकावर पुढची तपासणी चढवा' असे सांगावे. नवी नोंदणी करू देऊ नये. दोन क्रमांक झाले की मागच्या तपासण्या दिसत नाहीत आणि योजनांचे पैसेही अडकतात. 'तुम्ही आमच्या गावच्या नाहीत' हे तपासणी नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. ऊसतोडीच्या फडावर असाल तर कारखान्याजवळचे आरोग्य केंद्र कोणते, हे मुकादमाला पहिल्याच दिवशी विचारावे. अंगणवाडीचा पोषण आहारही नव्या ठिकाणी मिळावा म्हणून तिथल्या सेविकेकडे नाव द्यावे.

खबरदारी: ३६ आठवड्यांनंतर लांबचा प्रवास करून माहेर गाठण्याचा बेत ठेवू नये. जायचेच असेल तर ३२ आठवड्यांच्या आसपास, डॉक्टरांना विचारून जावे.

आर्थिक मदतीबद्दल थोडक्यात

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र स्त्रीला पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात: ३,००० रुपये नोंदणी आणि किमान एक तपासणी झाल्यावर, आणि २,००० रुपये बाळाची जन्मनोंद व सुरुवातीचे लसीकरण झाल्यावर. दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये एकरकमी मिळतात. पहिल्या हप्त्यासाठी शेवटच्या पाळीपासून सहा महिन्यांच्या आत नोंदणी आणि तपासणी झालेली असावी लागते. अर्ज अडकतात ते मुख्यतः आधारवर माहेरचे नाव आणि बँकेत सासरचे नाव असल्यामुळे, किंवा बँक खाते आधारशी जोडलेले नसल्यामुळे. हे काम नोंदणीच्या महिन्यातच उरकावे. जननी सुरक्षा योजनेची रक्कम वेगळी असते, तिची चौकशी आशाताईंकडे करावी. पैसे आले नाहीत म्हणून तपासणी थांबवू नये.

पायरी ८: २८ आठवड्यांनंतरच्या भेटी आणि प्रसूतीचे ठिकाण

तिसरी भेट २८ ते ३४ आठवड्यांत आणि चौथी ३६ आठवड्यांनंतर असते. या किमान भेटी आहेत, शेवटच्या महिन्यांत याहून जास्त वेळा गेलेले बरे. पोटावरून बाळाची वाढ, ठोके आणि बाळाची स्थिती तपासली गेली पाहिजे, आणि त्यासाठी तपासणीच्या टेबलावर झोपावे लागते. खुर्चीवर बसवूनच कार्ड भरले जात असेल तर 'पोट तपासायचे राहिले' हे नम्रपणे पण स्पष्ट सांगावे.

३६व्या आठवड्यापर्यंत प्रसूतीचे ठिकाण ठरलेले असावे. जोखीम नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्र योग्य आहे, मात्र तिथे रात्री डॉक्टर आणि सिस्टर हजर असतात का, हे आधी विचारावे. जोखीम असेल तर थेट मोठे रुग्णालय ठरवावे. इथे एक चूक फार महागात पडते: ग्रामीण रुग्णालय म्हणजे सिझेरियनची सोय असणारच, असे लोक धरून चालतात. स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि रक्ताचा साठा हे तिन्ही एकाच वेळी उपलब्ध असतील तरच सिझेरियन होते. आपल्या भागात ते चोवीस तास कुठे होते, हे सिस्टरना विचारून कार्डावर लिहून ठेवावे.

त्याच सुमारास घरात या गोष्टी पक्क्या कराव्यात: रात्री सोबत कोण जाणार, थोरल्या मुलांजवळ कोण राहणार, गाडी येऊ शकली नाही तर गावातले दुसरे वाहन कोणाचे, आणि गरज पडल्यास रक्त देऊ शकणाऱ्या दोन व्यक्ती कोण. दुर्गम आदिवासी भागात काही प्राथमिक आरोग्य केंद्रांना जोडून माहेरघर असते, जिथे प्रसूतीच्या काही दिवस आधी येऊन राहता येते. पावसाळ्यात नदी-नाल्यांमुळे वाट बंद होणाऱ्या पाड्यांवरील स्त्रियांनी ही सोय जरूर घ्यावी.

पायरी ९: धोक्याची लक्षणे, गाडी आणि दाखल होणे

पुढील लक्षणांत पुढच्या भेटीची वाट पाहू नये, त्याच क्षणी निघावे: अंगावरून रक्त जाणे, तीव्र डोकेदुखी किंवा डोळ्यांसमोर अंधारी, चेहरा आणि हात सुजणे, झटके, पोटात असह्य दुखणे, कळा नसताना पाणी जाणे, ताप, धाप लागणे, आणि बाळाची हालचाल कमी होणे किंवा थांबणे. पायांवरची थोडी सूज नेहमीची असू शकते, पण चेहऱ्यावरची सूज आणि डोकेदुखी एकत्र आली तर ती रक्तदाबाची खूण समजावी. झटके आल्यावर 'बाहेरचे काही आहे' म्हणून देवऋष्याकडे नेण्यात गेलेला तास परत मिळत नाही.

गरोदर स्त्रीसाठी १०२ आणि तातडीच्या प्रसंगी १०८ या क्रमांकांवर मोफत गाडी मिळते. फोन करताना गावाचे नाव, तालुका, जवळची ठळक खूण, किती आठवडे झाले आणि काय होते आहे, हे या क्रमाने सांगावे. कार्डाची पिशवी दाराजवळच असावी.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११पासून सरकारी रुग्णालयातील प्रसूती, सिझेरियन, औषधे, चाचण्या, रक्त, आहार, एका रुग्णालयातून दुसऱ्यात नेणारी गाडी आणि घरी सोडणारी गाडी, हे सगळे मोफत आहे. औषधांची चिठ्ठी देऊन बाहेरून आणायला सांगितले तर वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारावे, आणि तरीही दाद न लागल्यास १०४ या क्रमांकावर किंवा तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे तक्रार नोंदवावी. तक्रारीसाठी चिठ्ठी आणि पावती जपून ठेवावी.

दुसऱ्या रुग्णालयात पाठवत असतील तर संदर्भ चिठ्ठीवर पाठवण्याचे कारण, दिलेली औषधे आणि वेळ लिहून घ्यावी, आणि समोरच्या रुग्णालयाला फोन झाला आहे का हे निघण्याआधी विचारावे. साध्या प्रसूतीनंतरही किमान ४८ तास रुग्णालयात राहावे. घरी निघण्यापूर्वी आईचा रक्तदाब आणि रक्तस्राव तपासून घ्यावा, बाळाच्या पहिल्या लसी कार्डावर चढल्या आहेत का ते पाहावे, पुढच्या १८० दिवसांच्या लोह-कॅल्शियमच्या गोळ्या मागून घ्याव्यात आणि घरी सोडणाऱ्या गाडीची नोंद करावी.